गाडीचे आत्मनिदान : किती खरे, किती अपुरे

'गाडी आता स्वतःच आपला आजार सांगते' हे वाक्य गॅरेजमध्ये, गाड्यांच्या दुकानात आणि कधीकधी अभियांत्रिकीच्या वर्गातही ऐकू येते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. कारागीर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत एक लहानसे यंत्र अडकवतो. पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटतात. मग छापील कोष्टकात त्या आकड्यांसमोर जो भाग दिला असेल तो बदलला जातो, दिवा विझतो आणि बिल हातात पडते. गाडीने आजार सांगितला, आपण औषध दिले, असा सगळ्यांचा समज होतो.

हा समज चुकीचा आहे आणि तो महाग पडतो. गाडीतील संगणक आजार सांगत नाही. आपल्या संवेदकांनी काय पाहिले आणि ते अपेक्षेशी कोठे जुळले नाही, एवढेच तो सांगतो. ती एक साक्ष असते, निवाडा नव्हे. निवाडा माणसालाच करावा लागतो. निरीक्षण आणि अनुमान यांतील हा फरक आपण विज्ञानाच्या पहिल्या धड्यात शिकवतो. तोच या व्यवस्थेच्या वापरात कसा पुसला जातो, हे या लेखात पाहायचे आहे.

ही व्यवस्था आली कशी

ओबीडी या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था कारागिरांच्या सोयीसाठी जन्मली नाही. तिचे मूळ कॅलिफोर्नियाच्या धुरक्यात आहे. नव्या गाडीचा धूर कारखान्यातून निघताना स्वच्छ असून भागत नाही. पाच-सात वर्षांनी एखादा संवेदक मंद झाला किंवा उत्प्रेरक निकामी झाला, तरी गाडी सुरळीत पळते, मालकाला काही कळत नाही आणि प्रदूषण मात्र कित्येक पटींनी वाढते. म्हणून गाडीनेच स्वतःवर पहारा ठेवावा, अशी सक्ती कॅलिफोर्नियाने १९८८ सालच्या गाड्यांपासून सुरू केली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना तिची सुधारलेली आवृत्ती, ओबीडी-२, बंधनकारक झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ मध्ये लागू झाली. भारतात बीएस-४ गाड्यांसाठी १ एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. पहिल्या टप्प्यात तार तुटली आहे का, एवढेच मुख्यतः पाहिले जाई. दुसऱ्यात ते उपकरण आपले काम नीट करते आहे का, याचीही परीक्षा सुरू झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झाल्यावर ही तपासणी आणखी कडक झाली.

या व्यवस्थेचे मोठे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. तिच्याआधी प्रत्येक कंपनीची खोबण वेगळी, संकेत वेगळे आणि ते वाचण्याचे यंत्रही वेगळे असे. ओबीडी-२ ने खोबण एक केली आणि धुराशी संबंधित संकेतांची भाषाही एक केली. कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेरच्या कारागिरालाही गाडीशी बोलता येऊ लागले. ज्ञान काही जणांच्या कुलुपातून बाहेर काढणाऱ्या थोड्या कायद्यांत याची गणना करावी लागेल.

दहा मोड, दहा प्रश्न

गाडीशी बोलण्याच्या दहा रीती ठरलेल्या आहेत. त्यांना मोड म्हणतात. प्रत्येक मोड म्हणजे संगणकाला विचारलेला एक प्रश्न.

मोड १ विचारतो : आत्ता काय चालले आहे? उत्तरादाखल इंजिनाचे फेरे, शीतकाचे तापमान, आत येणारी हवा, प्राणवायू-संवेदकाचे व्होल्ट असे आकडे क्षणोक्षणी मिळतात. मोड २ विचारतो : दोष नोंदला गेला त्या क्षणी काय स्थिती होती? त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद संगणक जपून ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. मोड ३ नोंदलेले दोषसंकेत देतो. मोड ४ ते पुसतो. मोड ५ जुन्या गाड्यांत प्राणवायू-संवेदकांच्या परीक्षांचे निकाल देत असे. नव्या गाड्यांत ते काम मोड ६ कडे गेले. मोड ६ इतर परीक्षांचे मोजलेले मूल्य आणि त्याची मर्यादाही सांगतो, म्हणजे 'पास' किंवा 'नापास' याऐवजी गुण सांगतो. मोड ७ मध्ये एकदाच आढळलेले, अजून दिवा लागण्याइतके पक्के न झालेले दोष असतात. मोड ८ संगणकाकरवी एखादी परीक्षा घेऊ देतो. मोड ९ गाडीची ओळख आणि तिच्या संगणकातील आज्ञावलीची ओळख सांगतो. दहाव्या मोडमधील कायमचे संकेत कारागिराला पुसता येत नाहीत. दोष खरोखर गेल्याची संगणकाची खात्री झाली, तरच ते जातात. ही सोय सर्वच गाड्यांत नसते.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. या दहांपैकी बहुतेक ठिकाणी दोनच मोड वापरले जातात : ३ आणि ४. संकेत वाचा आणि संकेत पुसा. मोड ४ दाबताच मोड २ मधली फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घरात चोरी झाल्यावर पंचनामा होण्याआधी जमीन सारवून घ्यावी, तसाच हा प्रकार.

रत्नागिरीतील एक गाडी

माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांची २०१८ ची पेट्रोल गाडी रत्नागिरीत असते. तिचा दिवा लागला. एका गॅरेजमध्ये संकेत वाचला : पी ०१७१. त्याचा अर्थ 'मिश्रण विरळ', म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोष्टकात या संकेतासमोर प्राणवायू-संवेदकाचे नाव होते. तो बदलला. अकराव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. मग स्पार्क प्लग बदलले. चार दिवसांनी दिवा परत हजर. दोन्ही वेळा मोड ४ ने नोंद पुसली गेली होती. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी कोणालाही काही पुसू दिले नाही.

येथे थोडे रसायन सांगायला हवे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा निचरा करणारा त्रिमार्गी उत्प्रेरक या प्रमाणाच्या अगदी अरुंद पट्ट्यातच नीट काम करतो. म्हणून निष्कास वायूत उरलेला प्राणवायू मोजणारा संवेदक बसवलेला असतो. साध्या प्रकारात तो झिर्कोनियाचा विद्युतघट असतो. बारावीच्या रसायनशास्त्रातील नर्न्स्ट समीकरणाचे हे चालतेबोलते उदाहरण आहे. मिश्रण विरळ असेल तर तो सुमारे ०.१ व्होल्ट देतो, दाट असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास. त्याचे ऐकून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती टक्क्यांत नोंदली जाते आणि मोड १ मध्ये ती वाचता येते. दुरुस्तीची तात्कालिक आणि दीर्घकालीन अशा दोन अंकांची बेरीज फार वाढली, की पी ०१७१ नोंदला जातो.

म्हणजे संवेदकाने 'प्राणवायू जास्त आहे' अशी साक्ष दिली आणि साक्ष दिल्याबद्दल त्यालाच बदलले. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

फ्रीझ फ्रेममध्ये काय होते? शीतक ८८ अंश सेल्सिअस, म्हणजे इंजिन गरम. फेरे ७६०, वेग शून्य, म्हणजे गाडी उभी राहून आयडलिंग करत होती. दुरुस्तीची बेरीज अधिक २८ टक्के. मोड १ लावून गाडी उभीच ठेवून फेरे २५०० पर्यंत नेले, तर ती बेरीज ७ टक्क्यांवर आली. अचानक ॲक्सिलरेटर दाबल्यावर संवेदक लगेच ०.८ व्होल्टच्या वर गेला आणि सोडल्यावर खाली आला. साक्षीदार शुद्धीवर होता.

आता गणित करू. या गाडीत आत येणारी हवा वायुप्रवाह-मापकाने मोजली जाते. आयडलिंगला ती सेकंदाला सुमारे २.५ ग्रॅम होती आणि २५०० फेऱ्यांना सुमारे १० ग्रॅम. मापकाच्या पुढे कोठेतरी फट असून तिच्यातून सेकंदाला ०.७ ग्रॅम हवा न मोजता आत शिरते, असे धरू. आयडलिंगला ही चोरटी हवा ०.७ भागिले २.५, म्हणजे २८ टक्के. २५०० फेऱ्यांना ०.७ भागिले १०, म्हणजे ७ टक्के. आकडे जुळले. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर दोषी असता, तर उलटे झाले असते : पेट्रोलची मागणी वाढेल तशी उणीव वाढली असती. शोध घेतला तेव्हा इंजिनातील वाफा परत आत नेणारी रबराची एक नळी तिच्या वाकणात चिरलेली सापडली. नळीची किंमत काही शे रुपये होती. त्याआधी बदललेल्या भागांवर हजारो रुपये गेले होते.

यात एक बारकावा आहे आणि तो कोष्टकांच्या मुळावरच येतो. काही गाड्यांत हवेचा प्रवाह न मोजता इंजिनाच्या आत जाणाऱ्या मार्गातील दाब मोजून हवेचा हिशेब करतात. अशा गाडीत हीच नळी चिरली, तर शिरलेली हवा दाब वाढवते, संगणकाला ती कळते आणि तो पेट्रोलही वाढवतो. मिश्रण फारसे बिघडत नाही, मात्र आयडलिंगचे फेरे वाढतात. दोष एकच, पण दोन गाड्यांत साक्ष वेगळी. 'अमुक संकेत म्हणजे अमुक भाग' असे सांगणारे कोणतेही कोष्टक येथे पांगळे ठरते. हवा कशी मोजली जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच वाट सापडते.

दिवा लागला नाही म्हणजे सारे ठीक?

दुसरी चूक उलट बाजूची आहे. दिवा विझलेला आहे म्हणून गाडी निरोगी आहे असे मानणे. संगणकाच्या काही परीक्षा सतत चालतात, तर काही ठराविक परिस्थिती जुळली तरच होतात : इंजिन पुरेसे गरम, वेग बराच वेळ स्थिर, टाकीत पेट्रोल ठराविक मर्यादेत. रोज घर ते शाळा एवढ्याच दोन किलोमीटरांत फिरणाऱ्या गाडीत उत्प्रेरकाची परीक्षा दीर्घकाळ होतच नाही, असे घडू शकते. मोड ४ ने संकेत पुसले की या परीक्षांची प्रगतीही शून्यावर येते. मोड १ मध्ये 'परीक्षा पूर्ण' आणि 'परीक्षा अपूर्ण' असा तक्ता मिळतो. संकेत पुसल्यावर गाडी किती किलोमीटर चालली, हेही पुष्कळ गाड्यांत कळते. जुनी गाडी विकत घेताना हे दोन आकडे पाहिले, तर आदल्या रात्री विझवलेला दिवा उघडकीस येतो. परीक्षा न घेता दिलेला निकाल किती खरा मानायचा, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

परिस्थितीचा परिणाम दोषांच्या नोंदीवरही होतो. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटता गेले, तर फिरत्या दांड्याची गती क्षणभर मंदावते. त्यावरून संगणक 'मिसफायर' ओळखतो. पण खड्ड्यांतून जातानाही चाकांकडून येणारे धक्के त्या दांड्याची गती अशीच हलवतात. म्हणून खराब रस्ता ओळखून ही परीक्षा थांबवण्याची तरतूद अनेक गाड्यांत करावी लागते. कोकणातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर ही तरतूद बरेचदा जागी होत असणार! यावरून एवढेच घ्यायचे, की संगणक दांड्याची गती पाहतो. स्फोट झाला की नाही, हे त्याचे अनुमान असते.

आणखी एक उदाहरण जवळचेच. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात पुष्कळ गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी बुडालेली गाडी तपासली, तर एकाच वेळी आठ-दहा संकेत मिळू शकतात : दाबाचा संवेदक, ॲक्सिलरेटरचा संवेदक, दोन संगणकांमधले संभाषण तुटल्याचा संकेत. कोष्टक उघडून बसले, तर आठ-दहा भागांची यादी होईल. पण बरेच संवेदक एकाच पाच व्होल्टच्या तारेवर आणि एकाच अर्थिंगवर अवलंबून असतात. त्या एका जोडात पाणी शिरून गंज चढला, की सगळे एकदम चुकीचे बोलू लागतात. अनेक लक्षणांना एकच कारण पुरेसे आहे का, हा प्रश्न आधी विचारावा, हा विज्ञानातील जुना संकेत येथे पैसे वाचवतो. खारे वारे खाणाऱ्या किनारी गावांत तर तो पुराशिवायही उपयोगी पडतो.

साक्षीदारच फितूर झाला तर

आतापर्यंत आपण साक्ष प्रामाणिक आहे असे धरले. परंतु धुराचे नियंत्रण आणि त्यावरचा पहारा ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे असतात आणि त्याची आज्ञावली गाडीची कंपनीच लिहिते. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा या रचनेतील दोष जगाला दिसला. प्रयोगशाळेत परीक्षा चालू आहे हे ओळखून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी सोडायची आणि रस्त्यावर मर्यादा ओलांडायची, अशी ती आज्ञावली होती. दिवा लागण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याने पहारा द्यायचा, त्यालाच तसे पढवले होते. प्रकरणाचा माग लागला तो गाडीच्या संगणकाला विचारून नव्हे, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सायलेन्सरला मोजयंत्र जोडून गाड्या रस्त्यावर चालवल्या म्हणून. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. कंपनीने भारतीय नियमांचा भंग मान्य केला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तिला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पण त्याच्या सक्तीच्या वसुलीला सर्वोच्च न्यायालयाने अटकाव केला. १ एप्रिल २०२३ पासून भारतातही नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची कसोटी लागू झाली आहे.

म्हणजे आतल्या साक्षीला बाहेरच्या मोजमापाची जोड हवी. मग आपल्याकडे बाहेरचे मोजमाप आहेच की, पीयूसी! येथे माझी मुख्य तक्रार आहे. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने मोजतात. बीएस-४ गाडीला आयडलिंगला मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि १० लाख भागांत २०० भाग. गाडी उभी असते, इंजिनावर भार नसतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. गाडीच्या संगणकाला एकही प्रश्न विचारण्याची या तपासणीला गरज पडत नाही. वर सांगितलेल्या गाडीचा दिवा जळत होता, पण तिचे पीयूसी प्रमाणपत्र मात्र शाबूत होते! संगणकाने २८ टक्के पेट्रोल वाढवून मिश्रण सावरले होते, त्यामुळे सायलेन्सरमधून दोष दिसला नाही. बाहेरचे मोजमाप आणि आतली साक्ष एकमेकांना पारखण्यासाठी आहेत. आपण दोन्ही बाळगतो आणि त्यांची गाठच पडू देत नाही. दिवा चालू आहे का, परीक्षा पूर्ण झाल्या आहेत का आणि संकेत पुसून किती किलोमीटर झाले, एवढे तीन प्रश्न पीयूसीच्या वेळी विचारले, तरी आज कायद्याने प्रत्येक गाडीत बसवलेल्या या पहारेकऱ्याचे चीज होईल.

वर्गात काय करता येईल

कोड वाचणारे साधे यंत्र आता फार महाग राहिलेले नाही. शाळेत कोणा शिक्षकाची गाडी असेल, तर आठवी-नववीपासून पुढच्या मुलांना तिच्यावर चांगले प्रयोग करता येतील. इंजिन सुरू करायचे असेल तेव्हा गाडी मोकळ्या मैदानात आणि हँडब्रेक ओढून उभी असावी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. चालत्या गाडीत चालकाने पडद्याकडे पाहू नये.

पहिला प्रयोग : रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली सकाळी इंजिन सुरू न करता फिरवावी आणि शीतकाचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. दोन्ही आकडे बाहेरच्या तापमापीशी जवळपास जुळले पाहिजेत. एखादा दहा अंशांनी वेगळा आला, तर तो संवेदक संशयास्पद आहे. संकेत नसतानाही दोष पकडण्याची ही सोपी युक्ती आहे.

दुसरा प्रयोग : ज्या गाडीत दाबाचा संवेदक आहे, तिचा आकडा इंजिन बंद ठेवून वाचावा. मांडवीच्या किनाऱ्यावर तो १०१ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. साखरप्यावरून आंबा घाट चढून सुमारे ६०० मीटर उंची गाठल्यावर तेथे गाडी थांबवून पुन्हा वाचला, तर तो ९४ च्या जवळ येईल. भूगोलाच्या पुस्तकातील 'उंचीबरोबर दाब कमी होतो' हे वाक्य मुलांना डॅशबोर्डजवळ बसून मोजता येते.

तिसरा अंकगणिताचा आहे. संगणक तापमान एका संख्येत पाठवतो आणि तिच्यातून ४० वजा करायचे असतात. १२८ आली तर ८८ अंश. फेऱ्यांसाठी दोन संख्या येतात. पहिलीला २५६ ने गुणून त्यात दुसरी मिळवायची आणि बेरजेला ४ ने भागायचे. ११ आणि २२४ आल्या तर ७६०. फ्रीझ फ्रेममधले ते आकडे असे तयार झाले होते. ४० का वजा करायचे आणि ४ ने का भागायचे, हे मुलांनाच शोधू द्यावे.

या प्रयोगांतून मुले मोटार दुरुस्त करायला शिकतील असे नाही. परंतु पडद्यावर उमटलेला आकडा कोणी मोजला, कसा मोजला आणि तो दुसऱ्या कशाशी ताडून पाहता येईल, हे विचारण्याची सवय लागेल. रक्ताच्या तपासणीच्या अहवालापासून विजेच्या बिलापर्यंत आज आपल्यापुढे येणारे बहुतेक आकडे असेच कोठल्या तरी यंत्रातून येतात. त्या शिक्षकांनी चिरलेली रबरी नळी फेकली नाही. ती आता त्यांच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे आणि तिच्या चिठ्ठीवर फक्त दोन संख्या लिहिल्या आहेत : २८ आणि ७. नववीचा वर्ग दरवर्षी त्यांचा अर्थ लावतो.